गाडी विकली, पण नाव कुणाचं?

शेतकरी बंधूंनो, धानाचे चुकारे झाले, तेंदूची मजुरी हाती आली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गाड्यांच्या शोरूमसमोर गर्दी होते. पोरगं हट्ट धरतं, बाप मान हलवतो आणि दीड-दोन लाखांची दणदणीत मोटारसायकल अंगणात उभी राहते. पुढे रोवणी येते. खत, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं समोर दिसू लागतं. गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. मग सहा-आठ महिन्यांची, हजार-दोन हजार किलोमीटर चाललेली, अजून नवी दिसणारी गाडी विकायला निघते.

नड असली की माणूस वस्तू विकणारच, त्यात गैर काही नाही. पण बैल विकताना जो कास्तकार दात बघू देतो, चालवून दाखवतो, बाजार समितीची पावती फाडतो, तोच गाडी विकताना पैसे मोजून घेतो, चावी देतो आणि मोकळा होतो. तो मोकळा झालेला नसतो. बैल दावणीतून गेला की गेला. गाडी अंगणातून गेली तरी सरकारी वहीत ती तुमच्याच दावणीला असते. आजचा लेख त्यासाठीच.

कायदा कुणाला मालक म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, अशी त्यात मालकाची साधी व्याख्या आहे. गाडी कोण चालवतो, पैसे कुणी दिले, स्टॅम्पपेपरवर काय लिहिलं, हे सगळं त्यानंतर.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्या प्रकरणातली गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. २००९ साली अपघात झाला, त्यात एक लहान मूल दगावलं. मी तर गाडी केव्हाच विकली, असं पहिला मालक सांगत होता. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कुणाकुणाच्या हातून गेली ते शोधत फिरावं, हे कायद्याला मान्य नाही, असा त्याचा अर्थ.

भरपाईची रक्कम काही लाखांत जाते. विमा चालू नसेल तर ती कुठून द्यायची, याचा विचार ज्याच्याकडे दोन-चार एकर बांधी आहे त्याने आधीच करावा.

आपल्या भागातला जास्तीचा धोका

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. दारूची चोरटी वाहतूक बहुतेक दुचाकीवरून होते, हे पोलीस पाटलांना सांगायला नको. अशा कामाला स्वतःच्या नावाची गाडी कुणी वापरत नाही. दुसऱ्याच्या नावावर राहिलेली जुनी गाडी त्यांना सोयीची पडते. गाडी पकडली की पोलीस नंबर टाकून बघतात आणि विचारणा तुमच्या घरी येते.

जंगलाचंही तसंच. सागवानाच्या चोरीत सापडलेली गाडी वन कायद्याखाली जप्त होते, पुढे सरकारजमाही होऊ शकते. ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढं म्हणून भागत नाही. मालकाला ते दाखवून द्यावं लागतं. आणि घेणाऱ्याने गाडी अल्पवयीन पोराच्या हाती दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकावर किंवा मालकावर पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथेही पहिला शोध नोंदणीवरच्या नावाचाच होतो.

आधी कर्ज फेडा, मग गाडी द्या

कर्जावरच्या गाडीच्या नोंदणीत बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला असतो, सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तसाच. तो उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. गावात एक सोपी वाटणारी रीत पडली आहे. घेणारा म्हणतो, ‘थोडे रोख घे, उरलेले हप्ते मी भरतो.’ दोन-तीन हप्ते भरले जातात, मग तो फोन उचलत नाही. कर्ज तुमच्या नावावर, वसुलीवाला तुमच्या दारात आणि थकबाकीची नोंद तुमच्या खात्याला. उद्या पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेलात की ती नोंद आडवी येते.

बरोबर रीत अशी: बँकेकडून आजची शिल्लक लेखी घ्या. घेणाऱ्याला सोबत बँकेत न्या आणि त्याच्या पैशातून कर्ज तिथेच बंद करा. बँकेचं ना-देय पत्र आणि सहीचा नमुना ३५ घेऊन बोजा उतरवा. थोडे दिवस जातील, पण झोप लागेल.

किंमत कशी धरावी?

नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरते. विमा कंपन्या घसाऱ्याचा एक तक्ता वापरतात, तो घरबसल्या हिशेबाला उपयोगी आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के घट. म्हणजे दोन लाख शोरूम किमतीची गाडी आठ महिन्यांनी विम्याच्या हिशेबात १ लाख ७० हजारांची धरली जाते. रस्ता कर, नोंदणी, विमा, वरून लावलेलं सामान यांवर घातलेला पैसा परत येत नाही.

बाजारभाव बहुधा याच्याही खाली असतो, आणि भारी गाडीचा जास्तच. आपल्या खेड्यातला गिऱ्हाईक आधी ॲव्हरेज विचारतो, मग पार्ट कुठे मिळतो ते विचारतो. मोठ्या इंजिनाची गाडी त्याच्या कामाची नाही. तिचा गिऱ्हाईक चंद्रपूर, बल्लारपूर, नाहीतर नागपूरला आहे. म्हणून गावातल्या पहिल्याच माणसाला पडेल भावात देऊ नका, दोन-तीन ठिकाणी विचारा. डिसेंबरात विकायला काढलेली गाडी जानेवारी लागताच ‘मागच्या सालची’ होते, हेही ध्यानात ठेवा.

भाव टिकवणाऱ्या गोष्टी साध्याच आहेत. सर्व्हिसिंगचं पुस्तक, मूळ बिल, दोन्ही चाव्या जवळ असू द्या. पोराने आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर काढून कंपनीचा बसवा. चेन, ब्रेक, टायर बघून घ्या, गाडी धुवा. पडली असेल, पार्ट बदलला असेल तर आपणहून सांगा. मीटर मागे फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. ती फसवणूक आहे, आणि सर्व्हिसिंगच्या नोंदींवरून उघडीही पडते.

कागद कोणते?

१. नमुना २९ आणि नमुना ३०. पहिला गाडी दिल्याची खबर, दुसरा नाव बदलण्याचा अर्ज. दोघांच्याही सह्या लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सिरोंचाच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते, पण यातलं बरंचसं काम आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून होतं. गावातल्या सेवा केंद्रात बसून अर्ज भरा आणि पावती छापून ठेवा.

२. घेणारा तेलंगणा किंवा छत्तीसगडचा असेल तर नमुना २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी काढा. सिरोंचा, अहेरी, राजुरा, कोरची, धानोरा या सीमेकडच्या तालुक्यांनी हे विशेष बघावं. गाडी नदीपलीकडे गेली की ती शोधणं कठीण, आणि नंबर मात्र तुमच्या एम.एच. ३३ किंवा ३४ चाच.

३. वडील वारले आणि गाडी त्यांच्या नावावर आहे, तर परस्पर विकू नका. मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवून, तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावाचा अर्ज करायचा असतो. नाव चढलं की मग विक्री.

४. विमाही घेणाऱ्याच्या नावावर व्हावा लागतो, त्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. क्लेम न केल्याची जी सूट मिळते ती गाडीची नसून माणसाची असते. कंपनीकडून तिचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला कामी येतं.

५. चलनाचा दंड बाकी आहे का ते आधीच बघून भरा. गाडी दिली त्या दिवशीची तारीख आणि वेळ घालून पावती करा, दोन साक्षीदार घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. ही पावती पुराव्याला कामी येते, पण ती नाव बदलण्याच्या जागी चालत नाही.

गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देणार असाल तर त्याच्याकडे परिवहन खात्याचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम लागू आहे. अशा व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद नमुना २९-क मध्ये होते आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून कुणालाही देऊ नका, तो ओळखीचा असला तरी.

फोनवरचा गिऱ्हाईक

मोबाईलवर जाहिरात टाकली की तासाभरात फोन येतो. ‘मी फौजेत आहे, गाडी न बघता घेतो, पैसे आत्ताच टाकतो, हा चौकोनी कोड स्कॅन करा.’ तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार, असं समजा. चुकून गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. चालवून बघतो म्हणणाऱ्याचं लायसन्स बघा, त्याची गाडी आणि मूळ ओळखपत्र आपल्याकडे ठेवूनच चावी द्या.

गिअरची सायकल

शिकायला बाहेर गेलेली मुलं आता पन्नास-साठ हजारांची रेसिंग सायकलही आणतात आणि नोकरी लागली की ती घरी पडून राहते. बारीक टायरची ही सायकल मुरमाच्या रस्त्याची नाही, तिचा गिऱ्हाईकही शहरातच बघावा. तिला नोंदणीपुस्तक नसतं, म्हणून मूळ बिल हाच तिचा सातबारा. बहुतेक सायकलींना पायडलच्या धुरीखाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो पावतीवर लिहा. कोणत्या उंचीच्या माणसाला ती बसते ते आधी सांगा. कार्बनची फ्रेम असेल तर दिवसाउजेडी तडा बघू द्या. नंतरचं भांडण टळेल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना

ग्रामसभेत या विषयाला दहा मिनिटं द्या. परिवहन कार्यालयाचं शिबिर तालुक्याला कोणत्या तारखेला आहे ते विचारून फलकावर लावा. गावात विकूनही नाव न बदललेल्या गाड्या किती, हे पोलीस पाटलांना तोंडपाठ असतं. त्या दोन्ही घरांना एकत्र बसवून अर्ज भरून घेतले, तर उद्याची एखादी कोर्टकचेरी आजच टळेल.

आणि शेतकरी बंधूंनो, ज्यांनी गाडी मागेच विकली आहे त्यांनी लेख वाचून झाल्यावर मोबाईलवर आपला जुना नंबर टाकून मालक कोण दिसतो ते बघावं. नाव तुमचंच दिसलं, तर घेणाऱ्याला या आठवड्यातच गाठा.