खडीसाखर, खत आणि हिरवा किरण

सोनारीच्या यात्रेत खेळण्यांच्या पालावर हिरव्या लेझरचं पेन आपण पाहिलंच असेल. पोरं तो ठिपका शिखरावर मारतात, माकडांच्या अंगावर मारतात. माकडांचं त्यावर काय म्हणणं आहे ते काळभैरवनाथालाच ठाऊक. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, पदार्थविज्ञान नव्हे. पण नातवानं असंच एक पेन आणलं आणि विचारलं, "आजोबा, ह्यात हिरवा दिवा असतो का?" तिथून आम्ही या वाटेला लागलो.

उत्तर असं, की बहुतेक स्वस्त पेनांत हिरवा दिवा नसतोच. आतल्या डायोडमधून ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश निघतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश येतो, तोही अदृश्यच. पुढे आणखी एक इवलासा स्फटिक बसवलेला असतो. त्यात तरंगलांबी बरोबर निम्मी होते, ५३२, आणि हा हिरवा.

निम्मी कशी होते? यात्रेतला भोंगा आठवा. आवाज बेताचा असेल तर गाणं जसंच्या तसं ऐकू येतं. पूर्ण सोडला की पडद्याला झेपत नाही, आणि मूळ गाण्यात नसलेले चिरके सूर तो स्वतःचे घालू लागतो. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं असंच आहे. उन्हात किंवा दिव्यात ते प्रकाशाच्या तालावर नीट डोलतात. लेझरचा जोर पडला की डोलणं प्रमाणात राहत नाही आणि दुप्पट वारंवारितेचा सूर निघतो. प्रमाण सुटलं, म्हणून नाव अरेषीय प्रकाशिकी.

पण हे सगळ्याच स्फटिकांना जमत नाही. मिठाच्या खड्यात मांडणी केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी असते; तिथं हा दुपटीचा सूर उमटत नाही. प्रसादाच्या खडीसाखरेत मात्र तशी सममिती नाही, म्हणून तिला जमतं! आणि आपले द्राक्षबागाईतदार फवारतात ते ०:५२:३४ खत? ते पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, प्रयोगशाळेतलं केडीपी. अमेरिकेत ज्या यंत्रात १९२ लेझर किरण एकवटून डिसेंबर २०२२ मध्ये अणुसंमीलनातून लेझरनं दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळवली, तिथले अवरक्त किरण अतिनील करायला याच क्षाराचे मोठाले स्फटिक लावलेले आहेत. अर्थात खताच्या पोत्यातून उचलून नव्हे. शुद्धता आणि वाढवण्याची चिकाटी, सगळा फरक तिथं आहे.

या विषयाची सुरुवात १९६१ची. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेझरचा लाल किरण क्वार्ट्झमधून सोडला आणि फोटोच्या काचेवर अतिनील प्रकाशाचा एक फिकट ठिपका मिळवला. निबंध छापताना तो ठिपका धूळ समजून पुसला गेला, असं सांगतात. छापील चित्रात बाण आहे, बाणापुढे काही नाही. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात प्रमाणं शिकवली, त्याला इतका चांगला दृष्टान्त आम्हाला तेव्हा मिळाला नाही, ही आमची खंत.

आता आपल्याकडे या. हे संशोधन मोठ्या शहरांतच चालतं असं नाही. शेजारच्या बीडला मिलिया महाविद्यालयात स्फटिकवाढीची प्रयोगशाळा आहे; छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही या पदार्थांवर काम झालेलं आहे. रीत खडीसाखरेचीच. क्षार पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, वर भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. हलवलं की बिघडलं. कमी पैशात होतं, म्हणून देशभरातल्या कॉलेजांत ते लोकप्रिय आहे. आम्हाला त्यात कमीपणा दिसत नाही.

पण एक खोट याच लोकप्रियतेतून आली. दोन पदार्थ एका भांड्यात घालायचे, स्फटिक आला की त्याला जोडनाव द्यायचं आणि 'नवा पदार्थ' म्हणून छापायचं. गोवा विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ बी. आर. श्रीनिवासन यांनी असे दावे एकेक करून तपासले. अशा तपासण्यांत कित्येकदा 'नवा' म्हटलेला स्फटिक निव्वळ ग्लायसीनसारखा जुनाच निघाला. दुसरा पदार्थ पाण्यातच राहिला होता. बाटलीवर नाव लिहिलं म्हणून वस्तू बदलत नाही. हे काम करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, उलट लोक दुरावतात. आमच्या मते पदवीसाठी स्फटिक वाढवणाऱ्या प्रत्येक मुलानं नवा निबंध लिहिण्याआधी अशी एक तरी तपासणी वाचावी. मिशिगनचा खरा ठिपका कचरा म्हणून गेला आणि इथं जुनं ते नवं म्हणून छापलं गेलं. दोन्हीकडे चूक पाहण्याचीच.

राहिलं नातवाचं पेन. चांगल्या पेनात उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला गाळणी असते. पैसे वाचवायला ती वगळली, तर हिरव्याबरोबर अदृश्य किरणही बाहेर येतो. हिरवा डोळ्यात गेला तर पापणी चटकन मिटते. नुसत्या अवरक्ताला ती मिटतच नाही, आणि पडद्याला इजा मात्र होऊ शकते. पालावरच्या पेनात गाळणी आहे की नाही, हे बघून कळत नाही. आम्ही ते पेन काढून घेतलं. पोरगा अजून रुसलेला आहे.