म्हातारचळ म्हणण्याआधी रक्त तपासा



न्यूमोनिया झाला म्हणून आजीला इंदापूरहून बारामतीच्या दवाखान्यात दाखल करतात. दिवसा ती बरी बोलते. रात्री मात्र सलाईन उपसते, सुनेला ओळखत नाही, कधीच वारलेल्या भावाला हाका मारते. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. एखादा बाहेरची बाधा समजून अंगारा घेऊन येतो. असे प्रसंग आम्ही वरचेवर ऐकतो. पण म्हातारपणचा विसराळूपणा हळूहळू वाढतो, एक-दोन दिवसांत येत नाही. अचानक आलेली भ्रांती ही शरीरातल्या बिघाडाची खूण असते.

जंतुसंसर्ग, सोडियम घटणे, अंगातले पाणी कमी होणे, झोपेच्या गोळ्या ही तिची नेहमीची कारणे. त्यांच्या जोडीला असलेला रक्तक्षय सहज नजरेआड होतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के. तो वाहणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर थकलेल्या मेंदूला आजारपणाचा ताण पेलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने स्त्रीचे १२ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय. ‘या वयात आठ-नऊ चालायचंच’ हे खरे नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. साठीपुढच्या बायांचे हिमोग्लोबिन त्या पाहणीत तपासलेलेच नाही. उसाच्या फडात जन्म काढलेली बाई हिशेबातूनच गळाली!

कारण नेहमी खाण्यातच नसते. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त जाते, तेव्हा शौच डांबरासारखी काळी होते. मूत्रपिंडाच्या आजारातही रक्त कमी बनते. बी-१२ कमी पडले तर रक्ताबरोबर स्मरणशक्तीही घटते, पायांना मुंग्या येतात. साखरेसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अशा वेळी नुसत्या फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते, पण नसांची हानी चालूच राहते. म्हणून दुकानातून परस्पर टॉनिक आणू नये. बी-१२ पालेभाजीत नसते. ते अंडी, दूध, सुकट, कलेजीत मिळते. दात गेले म्हणून आजीने हे सोडले असेल, तर मऊ शिजवून द्यावे.

रक्त चढवले की लगेच डोके ताळ्यावर येईल, असे मात्र नाही. कधी आठवडे लागतात. वॉर्डात डॉक्टरांना भ्रांती कधी सुरू झाली ते सांगा, घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी दाखवा, हिमोग्लोबिन आणि बी-१२ किती हे विचारा. आजीचा चष्मा जवळ असू द्या आणि रात्री ओळखीचे माणूस उशाशी बसवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार मोफत आहेत.