साडेचार हजारांचा ब्रश, अकरा हजारांचा ग्राइंडर

गेल्या आठवड्यात कबूल केलेला धुळीचा विषय एका आठवड्याने पुढे गेला आहे. निपाणीहून आलेला एक प्रश्न त्याला आडवा आला. तिथे छोटे वर्कशॉप चालवणारा एक वाचक विचारतो: चार इंची अँगल ग्राइंडरवर अ‍ॅब्रेसिव्ह नायलॉनचा कप ब्रश बसतो, आटे जुळतात, फिरतोही झकास. ब्रशावर 4500 लिहिले आहे, ग्राइंडरवर 11000. तारेचा ब्रश नाही, नायलॉनच तर आहे. काय बिघडणार?

बरेच काही बिघडू शकते. आणि ही जोडी एकट्या निपाणीतच जमते असे नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेच्या वसाहतीत, इकडे कागल-शिरोलीपर्यंत, जिथे जिथे कास्टिंग आणि मशीनिंग आहे तिथे जॉबची बर काढण्याचे काम आहे, आणि हाताशी सगळ्यात आधी येते ते अँगल ग्राइंडरच.

ब्रशावर छापलेला आकडा हा काम करण्याचा वेग नव्हे. ब्रश कशालाही न टेकवता मोकळा फिरवतानाही जो ओलांडायचा नाही, तो हा आकडा. धाग्याला बाहेर खेचणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 4500 वरून 11000 वर जाताना वेग अडीचपटही होत नाही, पण धाग्यावरची ओढ जवळजवळ सहापट होते. एखादा धागा सुटला तर गॉगल वाचवतो. धागे धरून ठेवणारा कपच तडकला तर गॉगल पुरा पडत नाही. त्याआधी दिसणारे लक्षण म्हणजे कप ब्रशाचे धागे छत्रीसारखे बाहेर फाकतात, गार्डला घासू लागतात, आणि ब्रश थरथरतो. ती थरथर अंगवळणी पडलेले कामगार फार आहेत.

बरे, इतका वेग कामाला लागतो का? मुळीच नाही. कोरड्या कामात टोकाचा वेग सेकंदाला साधारण 15 मीटरच्या आत असला की नायलॉन उत्तम चालते. 100 मिलिमीटरचा ब्रश 11000 आरपीएमवर सेकंदाला 57 मीटर गाठतो. 150 मिलिमीटरचा व्हील ब्रश 1440च्या साध्या मोटरवर लावा, 11 मीटर मिळतात. तोच 2800च्या बेंच ग्राइंडरवर लावला की 22. म्हणजे ज्या मोटरला ‘मंद’ म्हणून कोपऱ्यात सारले जाते, तीच या कामाला योग्य.

वेग वाढला की नायलॉन आधी तापते. या ब्रशांत बहुधा वापरले जाणारे 6,12 जातीचे नायलॉन 215 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, मऊ त्याच्या बरेच आधी पडते. मग ते कापायचे सोडून जॉबवर सारवले जाते. कडेला चिकट काळपट पट्टा दिसला की समजावे, वेग जास्त आहे किंवा दाब. असा पट्टा राहिलेल्या जागी पुढे रंग किंवा प्लेटिंग धरत नाही. दाबाचेही तेच: ब्रश जॉबमध्ये दोन-अडीच मिलिमीटर शिरला की पुरे. जास्त रेटला तर धागे आडवे पडतात, टोकाऐवजी कूस घासते, आणि उष्णता आणखी वाढते.

नायलॉनला लोक भीत नाहीत याचे कारण त्याचे घराणे. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या गटाने 1935 मध्ये नायलॉन बनवले, आणि बाजारात त्याचा पहिला माल आला तो 1938 मध्ये, टूथब्रशाच्या रूपात. बायकांचे मोजे नंतर आले. आपल्या ब्रशात मात्र त्याच घराण्यातल्या धाग्यात ओढण्यापूर्वी धारदार कण कालवलेले असतात, वजनाच्या 20 ते 40 टक्के. ते कण एकतर सिलिकॉन कार्बाइडचे, जे अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनला 1891 मध्ये वीजभट्टीत माती आणि कोक तापवताना सापडले. नाहीतर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. दुसरा पदार्थ बेळगावकरांना परका नाही. यमनापूरच्या हिंडाल्को कारखान्यात अ‍ॅल्युमिनाच तयार होतो. कण धाग्याच्या अंगभर असल्याने धागा झिजेल तशी नवी धार उघडी पडते. बोटाच्या पेरावरची कातडीही त्याच धारेने जाते.

आता एक सल्ला, जो अर्धवट ऐकला तर घातक. ब्रश अधूनमधून उलटा फिरवावा, टोकांना पुन्हा धार येते, असे जाणकार सांगतात. व्हीएमसीवर किंवा दोन्ही बाजूंनी फ्लँजमध्ये पक्क्या आवळलेल्या ब्रशाला ते लागू. आट्यांवर बसवलेला ब्रश उलटा फिरवला तर तो सुटून येतो, फिरत फिरत.

हातमोज्यांचा वाद गेल्या महिन्यापासून चालू आहे, तो इथे थोडक्यात मिटवू. हातात धरलेल्या ग्राइंडरवर घट्ट बसणारे मोजे हवेत. बेंचवर फिरणाऱ्या ब्रशासमोर सैल सुती मोजे नकोत, कारण धागे ते पकडतात आणि हात सोबत जातो. मफलर, ओढणी, सुटा पदर, मनगटावरचा गंडा, सगळ्यांना हाच न्याय. 1948च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्यासाठी घट्ट कपडे आणि डोळ्यांसाठी गॉगल वा पडदा, दोन्हींची तरतूद होती. जॉब धरताना कड अशी ठेवावी की धागे कडेवरून बाहेर निघून जातील. ते कडेवर समोरून आदळले की जॉब हातातून हिसकावला जातो.

तेव्हा निपाणीच्या वाचकाने एकतर वेग 2800 पर्यंत उतरवता येणारा ग्राइंडर घ्यावा (100 मिलिमीटरच्या ब्रशाला तो 15 मीटरच्या आतच बसतो), नाहीतर 1440च्या मोटरवर फ्लँज आणि गार्ड लावून व्हील ब्रश बसवावा. नवा ब्रश लावल्यावर बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळा फिरू द्यावा. धागे झिजून आखूड झाले की ते ताठ होतात आणि जास्त कापतात, हेही लक्षात असू द्यावे. झिजलेला ब्रश नव्याच्याच दाबाने वापरला की कडा बिघडतात.

राहिली धूळ. 2014च्या ऑगस्टमध्ये चीनमधल्या कुनशानच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमची चाके पॉलिश करताना साचलेली धूळ पेटली आणि शंभरावर माणसे गेली. हत्तरगीच्या पट्ट्यात विमानांचे सुटे भाग बनतात, तेव्हा हा विषय आपल्या दाराशीच आहे. तो पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर एकाच स्टँडवर सकाळी लोखंड आणि दुपारी अ‍ॅल्युमिनियम घासणाऱ्यांनी दोन्हींच्या जागा आणि ब्रश वेगळे करावेत, आणि स्टँडखालची धूळ हवेच्या पाइपने उडवणे आजच थांबवावे.