पोपटी फ्लॅटमध्ये करता येते का? स्लो कुकर, ओले वाल आणि एका गरम डिपची गोष्ट

डिसेंबर उजाडला की कर्जत-खालापूरकडच्या लोकांच्या स्टेटसवर एकच दृश्य दिसायला लागतं. भात कापून मोकळं झालेलं शेत, मध्ये पेटलेला जाळ आणि त्या जाळात उलटं ठेवलेलं मडकं. खाली कॅप्शन: 'पोपटी पार्टी'.

ते बघून मुंबई-पुण्यातल्या किंवा परदेशातल्या मंडळींच्या तोंडाला पाणी सुटतं आणि प्रश्न पडतो, आपल्याकडे ना शेत, ना मडकं, ना जाळ. मग घरातल्या स्लो कुकरमध्ये पोपटी होईल का?

थेट उत्तर हवं असेल तर, नाही. पण पोपटीतला एक महत्त्वाचा भाग, म्हणजे लोण्यासारखे मऊ झालेले ओले वाल, स्लो कुकरमध्ये छान जमतात. त्यांचं गरमागरम, दाटसर डिप होतं. फक्त ते करताना एक चूक अजिबात करायची नाही. ती कोणती, हे समजायला आधी पोपटी समजून घेऊ.

पोपटी म्हणजे नेमकं काय?

पोपटी हा रायगड जिल्ह्याचा हिवाळी मेनू. अलिबाग, पेण, रोहा, पनवेलपासून आत डोंगराकडच्या कर्जत आणि खालापूरपर्यंत ती केली जाते. यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. इथलं मुख्य पीक भात. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. कर्जतमध्ये ज्या गावांना राजनाल्याचं पाणी मिळतं तिथे उन्हाळी भात घेता येतो. जिथे पाणी नाही तिथे वाल हाच मोठा आधार.

या वालाच्या शेंगा दाण्यांनी भरल्या, पण अजून हिरव्या आहेत, असा काळ म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. तोच पोपटीचा सीझन.

कृती ऐकायला सोपी आहे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा. मग बटाटे, रताळी, करांदे, अंडी. मांसाहारी असाल तर मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून मध्ये ठेवायचं. पुन्हा शेंगा, आणि शेवटी मडक्याचं तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं गच्च बंद करायचं. मडकं जमिनीवर उलटं ठेवून भोवती सुका पाला, गवत, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायचं. अर्धा ते पाऊण तासात पोपटी तयार.

झाली की नाही हे बघायला मडकं उघडत नाहीत. त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. चर्र आवाज होऊन थेंब लगेच उडाले आणि शेंगांचा वास सुटला, की मडकं बाहेर.

पाणी नाही, तेल नाही, मग शिजतं कसं?

पोपटीत पाण्याचा थेंबही घालत नाहीत. ते आत आधीच असतं. बटाट्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणीच असतं. हिरव्या शेंगा आणि ताज्या पाल्यातही भरपूर पाणी असतं. मडकं तापलं की त्याची वाफ होते आणि पाल्याच्या बुचामुळे ती आतच अडकते.

मडकं उलटं का ठेवतात, याचं उत्तरही यातच आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे ती वर चढते. मडकं उलटं असल्यानं वर त्याचा बंद तळ येतो आणि वाफ तिथे कोंडली जाते. बंद केलेलं तोंड खाली जमिनीला टेकलेलं राहतं, म्हणून पाल्याचं बूचही लवकर जळत नाही. शिवाय जाळ सगळ्या बाजूंनी लागतो.

ही युक्ती फक्त रायगडची नाही. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू करतात, तेही असंच मडक्यात पापडी आणि कंद भरून. उंधियु हा शब्दच मुळी 'उंधू', म्हणजे उलटं, यावरून आला आहे.

आणि तो भांबुर्डा? ही सूर्यफुलाच्या कुळातली, उग्र वासाची रानटी वनस्पती. भात कापल्यावर रिकाम्या शेतात आणि बांधावर ती आपोआप उगवते. म्हणजे शेंगा आणि पाला दोन्ही एकाच वेळी, एकाच शेतात मिळतात.

मग स्लो कुकर काय करतो?

स्लो कुकरचा जन्मसुद्धा कडधान्याच्या मडक्यातूनच झालाय. शिकागोतल्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातली. तिकडचे ज्यू लोक शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी शेंगदाण्यांसारखे दाणे नव्हे, तर घेवड्याच्या जातीचं कडधान्य, बटाटे आणि मांस मडक्यात भरून बेकरीच्या विझत आलेल्या भट्टीत रात्रभर ठेवत. या पदार्थाचं नाव चोलेंट. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनला विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. पुढे रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावानं हे भांडं बाजारात आणलं.

आत चिनी मातीचं जाड भांडं, बाहेर तापणारी कॉइल, वर घट्ट बसणारं झाकण. साधारण १०० ते ३०० वॅटवर चालतं. म्हणजे २०० वॅटचा कुकर तीन तास चालला तर जेमतेम ०.६ युनिट वीज लागते. आजकाल अनेक इलेक्ट्रिक मल्टीकुकरमध्येही 'स्लो कुक' मोड मिळतो.

आता दोन्हींत साम्य काय? वाफ कोंडणं. भाजी स्वतःच्या ओलाव्यात शिजते.

आणि फरक? तापमान. स्लो कुकरमधलं अन्न १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. पोपटीत मात्र मडक्याच्या भिंती त्याहून खूप तापतात. त्यांना चिकटलेल्या शेंगा करपतात, रताळ्याची साल खरपूस होते. तो भाजका वास ओल्या वाफेत कधीच येत नाही. म्हणजे खरं तर पोपटी 'स्लो' नाहीच. ती पाऊण तासात होते, स्लो कुकरला तीन-चार तास लागतात.

म्हणून स्लो कुकरमध्ये अख्ख्या शेंगा भरून पोपटीची वाट बघितली तर हाती उकडलेल्या शेंगा येतील. त्यापेक्षा या भांड्याला जे जमतं तेच करून घ्यावं: दाणे अगदी मऊ शिजवणं.

ओल्या वालाचं गरम डिप

चार-पाच जणांसाठी साहित्य:

सोललेले ओले वालाचे दाणे २ वाट्या
मध्यम रताळं १, बटाटा १
लसूण ७-८ पाकळ्या, हिरव्या मिरच्या २
ओवा १ छोटा चमचा
तेल २ चमचे, मीठ चवीनुसार
पाणी अर्धी वाटी
चक्का किंवा घट्ट दही अर्धी वाटी

१. दाणे भरपूर पाण्यात गॅसवर १० मिनिटं खळखळून उकळा. ते पाणी फेकून द्या. ही पायरी गाळायची नाही. कारण पुढे येतंय.

२. रताळं आणि बटाटा सोलून लहान फोडी करा. फोडी मोठ्या राहिल्या तर दाणे शिजतील, पण बटाटा कच्चा राहील.

३. चक्का सोडून सगळं साहित्य कुकरमध्ये घाला. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरलेलं, पण काठोकाठ नको. 'हाय'वर तीन ते साडेतीन तास ठेवा. मध्ये झाकण उघडून बघायचा मोह टाळा. दर वेळी कोंडलेली वाफ जाते आणि वेळ वाढतो.

४. दाणा बोटांत धरून दाबल्यावर लोण्यासारखा चेपला पाहिजे. मग रवीनं किंवा मॅशरनं घोटा. थोडं भरड ठेवलं तर चव जास्त कळते.

५. कुकर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि मगच चक्का ढवळा. आधी घातला तर उष्णतेनं दही फाटतं.

धुराची चव हवी असेल तर धुंगार द्या. निखारा छोट्या वाटीत ठेवून ती वाटी डिपच्या मध्यभागी ठेवा, त्यावर थोडं तूप सोडा आणि तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. खिडक्या मात्र उघड्या हव्यात. पोपटीची बरोबरी होणार नाही, पण आठवण नक्की येईल.

तांदळाच्या भाकरीबरोबर, टोस्टबरोबर किंवा भाजलेल्या पापडाबरोबर खा. स्लो कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद गॅसवर साधारण ४० मिनिटांत हेच होतं. अधूनमधून ढवळा आणि लागलं तर थोडं गरम पाणी घाला.

ती एक चूक: ओल्याऐवजी सुके वाल

सीझन संपला, ओले दाणे मिळाले नाहीत, म्हणून डब्यातले सुके वाल थेट स्लो कुकरमध्ये टाकायचे? हे करू नका.

कच्च्या कडधान्यांमध्ये लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. राजम्यात ती सर्वांत जास्त. ती नीट नष्ट झाली नाहीत तर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. ती जायला खळखळ उकळी लागते. स्लो कुकर, विशेषतः 'लो'वर, तेवढा तापेलच याची खात्री नसते. राजम्याच्या बाबतीत तर अर्धवट गरम केल्यावर हा त्रास कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. म्हणूनच अमेरिकेची अन्न व औषध प्रशासन संस्था राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळायला सांगते.

सुक्या वालाची आणखी एक गोष्ट आहे. त्यात सायनाइड तयार करू शकणारी नैसर्गिक संयुगंही काही प्रमाणात असतात. भिजवणं, पाणी बदलणं, सालं काढणं आणि उकळणं यानं ती कमी होतात.

आता घरची आजी वालाचं बिरडं कसं करते ते आठवा. वाल रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, कपड्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायचं आणि मग शिजवायचं. हा सगळा खटाटोप नुसता कडवटपणा घालवण्यापुरता नाही. सुके वालच वापरायचे असतील तर हे सगळं करून, नंतर गॅसवर अर्धा तास उकळून मगच स्लो कुकरकडे वळा.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा

वीज गेली तर? स्लो कुकर बंद पडला की अन्न कोमट होत जातं. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्यानं वाढतात. तुम्ही घरात असाल तर लगेच गॅसवर शिजवून घ्या. बाहेर होतात आणि वीज किती वेळ नव्हती हेच माहीत नसेल, तर ते डिप टाकून द्या.

उरलं तर? दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. पुन्हा खाताना गॅसवर वाफ येईपर्यंत गरम करा. कुकरचा 'वॉर्म' मोड गरम असलेलं गरम ठेवण्यासाठी आहे, थंड अन्न तापवण्यासाठी नाही.

पाला मिळाला नाही तर? भांबुर्डा ओळखता येत नसेल तर दिसेल तो रानपाला तोडून घालू नका. ओवा पुरेसा आहे. कुंडीत पानओवा असेल तर दोन पानं चिरून घाला.

आणि शेतात खरी पोपटी लावणाऱ्यांसाठीही एक सूचना. मडक्यात चिकन असेल तर थेंब उडाले एवढ्यावर विसंबू नका. मधला सगळ्यात जाड तुकडा फोडून बघा. आत गुलाबी दिसला तर तो घरी नेऊन पूर्ण शिजवा. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या आत ७४ अंश दिसले पाहिजेत. जाळ लावण्याआधी भोवतीचं सुकं गवत साफ करा आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता. हिवाळ्यात वाळलेल्या माळावर एक ठिणगी वणव्याला पुरते.

थोडक्यात, पोपटी खायची असेल तर त्या दोन महिन्यांत कर्जतची लोकल पकडा. ते जमणार नसेल तर बाजारातून ओले वाल आणा, दहा मिनिटं उकळा आणि मग स्लो कुकरचं झाकण लावा.