आवाजाची पत

व्यापारी घरातील मुलगा दुकानाच्या गादीवर बसू लागला, की भांडवल कसे वाढवावे यापेक्षा पत कशी राखावी हे त्याला आधी शिकवले जाते. उधारी देण्याआधी माणूस ओळखावा, दिलेला शब्द पाळावा, वजनात खोट नसावी, एवढ्या साध्या नियमांवर आपल्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. रेडिओच्या निवेदकाचा व्यवसायही याच जातीचा आहे. त्याच्यापाशी दाखवायला माल नाही, समोर आणायला चेहराही नाही. श्रोता त्याचे ऐकतो ते त्याच्या शब्दावरील विश्वासामुळे. हा विश्वास स्टुडिओच्या बंद खोलीत कमावता येत नाही. निवेदक लोकांत किती मिसळतो, आपल्या मुलखाचा इतिहास किती जाणतो आणि स्वतःचे शरीर व कंठ किती नेमाने सांभाळतो, या तीन गोष्टींवर त्याची पत ठरते. रोहा आणि पेण परिसरातील कुटुंबांनी या विषयाकडे लक्ष द्यावे, अशी उदाहरणे आपल्याच राज्यात घडलेली आहेत.

ऐकण्यासाठी जमलेली गावे

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतरची अनेक वर्षे रेडिओ म्हणजे शहरातून निघालेला आणि गावाने निमूटपणे ऐकलेला आवाज, असेच त्याचे स्वरूप होते. गावाला उलट बोलण्याची सोय नव्हती. ही एकतर्फी वाट बदलण्याचा मोठा प्रयत्न १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून झाला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. प्रत्येक मंडळात साधारण २० जण असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. अशा रीतीने दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले.

कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी चर्चेला बसत. ऐकलेले आपल्या गावात कितपत लागू पडते, याचा विचार होई. उरलेल्या शंका लिहून केंद्राकडे पाठवल्या जात आणि त्यांची उत्तरे पुढील प्रसारणात मिळत. या प्रयोगाचे मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास मांडला. जिथे अशी मंडळे होती तिथल्या लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे पडलेली भर अगदीच थोडी होती. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक पडला तो माणसे एकत्र जमण्यामुळे आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळण्यामुळे. पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

निवेदकाने गावात कार्यक्रम का घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगात आहे. मेळावा, आरोग्य शिबिर, भजनाची स्पर्धा किंवा बाजाराच्या दिवशी चौकात मांडलेला ध्वनिक्षेपक, ही रेडिओच्या कामात पडलेली जादा भर नव्हे. श्रोता निवेदकाला पाहतो, त्याला प्रश्न विचारतो, प्रसंगी त्याची चूक दाखवतो, आणि मगच त्याच्या आवाजावर विश्वास ठेवतो.

म्हसवडचा धडा

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सेवाभावी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची वाट खुली झाली. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले.

या केंद्राची मातृसंस्था आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या अक्षरे गिरवायला बसल्या. पुन्हा अर्ज करताना, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असेही त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. बँक उभी राहिली ती या आत्मविश्वासावर, आणि त्याच संस्थेने पुढे रेडिओ हाती घेतला.

या वाहिनीवर केराबाई सरगर यांचा आवाज लोकप्रिय झाला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्यापाशी होती ती लोकगीतांची आणि ओव्यांची पुंजी. दुष्काळात माणसांची आणि जनावरांची झालेली होरपळ त्यांनी स्वतः सोसलेली होती. संस्थेने जनावरांसाठी छावणी उघडली, तेव्हा तिथल्या माणसांचे सुखदुःख केराबाईंच्या गाण्यांत आले. गाणारी बाई पुढे कार्यक्रम सादर करणारी निवेदिका झाली. प्रमाण भाषेचे उत्तम उच्चार असलेला शहरातील एखादा निवेदक तिथे बोलला असता, तर लोकांनी त्याचे कौतुक केले असते. केराबाईंचे मात्र लोकांनी ऐकले, कारण त्या बोलत होत्या ते लोकांच्या घरातले होते.

रायगडला अशा जवळच्या आवाजाची गरज किती आहे, हे ३ जून २०२० रोजी कळून चुकले. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब उन्मळून पडले, भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले आणि दक्षिण रायगडातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. कोणता रस्ता मोकळा आहे, औषध कुठे मिळेल, शिधा कधी येईल, हे विचारायला साधन उरले नव्हते. दोन घटांवर चालणारा छोटा रेडिओ अशा वेळीही बोलू शकतो. मात्र बोलणारे केंद्र जवळचे हवे, त्याला जनित्राचा आधार हवा, आणि निवेदकाला वाड्या-वस्त्यांची नावे तोंडपाठ हवीत.

आसपासचा इतिहास

वाड्यांची नावे तोंडपाठ असणे, हीच इतिहासाच्या आवडीची सुरुवात होय. रोह्याच्या निवेदकाला विषयांसाठी दूर जावे लागणार नाही. कुंडलिकेच्या दोन काठांवर वसलेली रोहा आणि अष्टमी ही जोडगावे, उत्तरेकडील डोंगरावरचा अवचितगड, दसऱ्याच्या सुमारास निघणारी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी आणि तिला पोलिसांकडून दिली जाणारी मानवंदना, यांतील प्रत्येकावर एक-एक कार्यक्रम होईल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे रोह्याशी जुने नाते आहे. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यातच झाला. ७४१ किलोमीटर लांबीचा कोकण रेल्वेमार्ग सुरू होतो तोही रोह्यापासून.

व्यापारी कुटुंबांना अभिमान वाटावा असा पुरावा दक्षिणेला तळा तालुक्यातील कुडा येथे कोरलेला आहे. मांदाडच्या खाडीजवळ डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आणि व्यवसाय नोंदलेले आहेत. त्यांत माळी आहे, वैद्याच्या घरचे लोक आहेत, आणि करहाकड म्हणजे आजच्या कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारीही आहे. सह्याद्री ओलांडून खाडीपर्यंत माल नेणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतून एक लेणे दिले, आणि सुमारे अठराशे वर्षांनंतरही त्याचे नाव दगडावर वाचता येते. बाजारपेठेचा इतिहास राजांच्या इतिहासाइतकाच जुना आहे, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

दुसरे उदाहरण पेण तालुक्यातील गागोद्याचे आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. भूदानाची पदयात्रा सर्वांना ठाऊक असते. परंतु जैन धर्मातील सर्व पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, हा आग्रहही विनोबांचाच होता. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या निमित्ताने, १९७४ मध्ये, जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ चारही संप्रदायांच्या मुनींच्या आणि विद्वानांच्या संमतीने सिद्ध झाला. ज्या ग्रंथाचे पठण आपण करतो, त्याची प्रेरणा देणारा पुरुष आपल्याच जिल्ह्यातील, ही गोष्ट किती घरांतून मुलांना सांगितली जाते?

इतिहासाची अशी साधने घरोघरीही आहेत. जुन्या चोपड्यांत भाताचे, मिठाचे, कापडाचे भाव आहेत. कोणत्या बंदरातून माल आला, कोणत्या बैलगाडीवाल्याला किती भाडे दिले, कोणत्या वर्षी वसुली थांबली, हे सारे त्यांत आहे. दुकानाचे नूतनीकरण निघाले की या चोपड्या रद्दीत जातात. त्या वाचू शकणारे, त्यांतली मोडी किंवा महाजनी अक्षरे ओळखणारे वडीलधारेही एकेक करून जात आहेत. चोपडी जपून ठेवता येईल, परंतु तिचा अर्थ सांगणारा आवाज एकदा गेला की तो कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

कंठाचे पथ्य

निवेदकाच्या दिनचर्येतून व्यापाऱ्यानेही घ्यावे असे पुष्कळ आहे, कारण दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्याचा कंठही तितकाच राबतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, तर स्त्रीचे सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. तासभर बोलणे म्हणजे लाखो आघात. त्यांची झीज कमी ठेवण्यासाठी पाणी पुरेसे प्यावे लागते, झोप पूर्ण घ्यावी लागते, आणि सतत घसा खाकरण्याची सवय सोडावी लागते. तंबाखूपासून दूर राहणे तर अनिवार्यच. रात्री उशिरा जड जेवून लगेच आडवे झाल्यास पोटातील आम्ल घशापर्यंत येते आणि सकाळी आवाज बसलेला असतो.

सूर्यास्तापूर्वी भोजन आणि उकळलेले पाणी हे नियम आपल्या घरांत अहिंसेच्या आणि संयमाच्या दृष्टीने पाळले जातात. त्यांचा कंठालाही लाभ होतो, हे जाणून घेण्यास हरकत नाही. मौनाचेही तसेच आहे. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळले. सामायिकाची ४८ मिनिटे बाहेरचे बोलणे थांबते, तेव्हा मनाबरोबर स्वरतंतूंनाही विश्रांती मिळते. मात्र निर्जल उपवासाच्या दिवशी मोठ्याने आणि फार वेळ बोलणे टाळावे. ज्यांना नियमित औषधे चालू आहेत त्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच उपवास करावा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास घरगुती काढ्यावर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

आरोग्याच्या बाबतीत निवेदकाची पत एका नियमाने टिकते. स्वतः जे पाळतो ते त्याने सांगावे, आणि औषधाचे नाव डॉक्टरांनाच सांगू द्यावे.

हिशेबाची बाजू

सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती १०० वॉटपर्यंत मर्यादित असते. त्यामुळे आवाज साधारण १० ते १५ किलोमीटर जातो. डोंगर आडवा आला तर त्याहून कमी. परवाना नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेलाच मिळतो. निम्म्याहून कमी नाही एवढा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावा लागतो. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ७४ रुपये आहे. हा सारा वेळ या दराने भरला तर तासाला ५,३२८ रुपये होतात. प्रत्यक्षात छोट्या गावात एवढा वेळ भरत नाही, आणि वीज, दुरुस्ती व मानधन हे खर्च मात्र दरमहा चुकत नाहीत. म्हणून असे काम हाती घेणाऱ्या संस्थेला पहिल्या तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद आधीच करावी लागेल. पाठशाळा, पांजरपोळ, धर्मशाळा चालवण्याचा अनुभव असलेल्या समाजाला हे गणित अपरिचित नाही.

केंद्र उभे राहील तेव्हा राहो. त्याची पहिली तयारी आजच होऊ शकते. घरातील आजोबा-आजींना एक दुपार मागून घ्यावी, जुनी चोपडी त्यांच्यापुढे उघडावी आणि ते जे सांगतील ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे. आरंभी तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव स्पष्ट उच्चारावे. मुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एका रोह्यातून अशी पन्नास मुद्रणे जमली, तर उद्याच्या निवेदकापाशी सांगण्यासारखे भरपूर असेल, आणि ते खरे असल्याची साक्ष द्यायला गावातलीच माणसे असतील.