दोन वर्षांच्या पदवीचे मोल

बारावी झालेल्या मुलाला अमेरिकेत शिकावयास पाठविण्याचा विचार घरात निघाला की अलीकडे एक नाव हटकून कानावर येते. ते नाव म्हणजे ‘कम्युनिटी कॉलेज’. तेथे दोन वर्षांत पदवी मिळते, खर्च थोडा येतो आणि पुढची दोन वर्षे एखाद्या मोठ्या विद्यापीठात काढता येतात, असे सांगितले जाते. सांगणे खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या माहितीवर पैसा व वये दोन्ही खर्च होतात.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. हैदराबादकडे ‘इंटर’, बेळगावकडे ‘पी.यू.सी.’ आणि पुण्या-मुंबईकडे ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणून जी अकरावी-बारावीची दोन वर्षे ओळखली जातात, ती ही नव्हेत. अमेरिकेत बारा वर्षांचे शालेय शिक्षण संपल्यावर ही दोन वर्षे सुरू होतात, आणि ती पुरी करणाऱ्यास ‘असोसिएट’ पदवी मिळते. तिच्यासाठी सामान्यतः ६० श्रेयांक लागतात, बी.ए., बी.एस्सी. यांसारख्या चार वर्षांच्या पदवीसाठी १२०. कागदावर ती अशी बरोबर अर्धी वाट आहे. नोकरीच्या बाजारात मात्र अर्ध्या वाटेला अर्धा भाव मिळतो असे नाही. कधी जवळजवळ काहीच मिळत नाही, तर कधी पुरी वाट चालणाऱ्याहूनही अधिक मिळते.

संस्था तशी जुनी आहे. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे मत असे होते की, महाविद्यालयातील पहिली दोन वर्षे हा वास्तविक शाळेचाच विस्तार होय, आणि म्हणून ती विद्यापीठाबाहेर काढता आली पाहिजेत. त्यांच्या प्रेरणेने १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे तेथील शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांनी अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असे कॉलेज सुरू केले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय १९४४च्या कायद्याने झाली. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे गावोगावी काढण्याची शिफारस केली. आणि १९६०च्या दशकात चारशेहून अधिक कॉलेजे उघडली गेली. कष्टकऱ्याच्या मुलाने घरी राहावे, दिवसा नोकरी करावी आणि संध्याकाळी शिकावे, हा त्यामागचा हेतू. हेतू उदात्त होता यात शंका नाही. मात्र या विस्तारात एकाच कॉलेजावर दोन भिन्न कामे येऊन पडली. विद्यार्थ्याला पुढच्या पदवीच्या दारापर्यंत पोचविणे हे एक, आणि त्याला थेट कामधंद्याला लावणे हे दुसरे. कामे दोन झाली तरी बोलताना पदवीचे नाव एकच राहिले, आणि तिच्या किमतीविषयीचा सारा गोंधळ तेथून सुरू झाला.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी कार्यालयाने २०२३ सालचे जे वेतनाचे आकडे दिले, त्यांत पंचवीस वर्षांवरील पूर्णवेळ नोकरदारांचा मध्यक पगार दिला आहे. मध्यक म्हणजे निम्म्यांना ज्याहून अधिक व निम्म्यांना ज्याहून कमी मिळते तो पगार. केवळ शाळा पुरी केलेल्यास आठवड्याला ८९९ डॉलर, असोसिएट पदवीधरास १,०५८, आणि चार वर्षांच्या पदवीधरास १,४९३. पहिल्या दोन वर्षांनी १५९ डॉलरांची भर पडली, नंतरच्या दोन वर्षांनी ४३५ डॉलरांची. हे पाहून पुष्कळजण निकाल देऊन मोकळे होतात की, दोन वर्षांची पदवी म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय. पण दंतवैद्याच्या दवाखान्यातील एका नोकरीकडे पाहिले की हा निकाल डळमळतो.

रुग्णाचे दात स्वच्छ करणारे, हिरड्या तपासणारे जे ‘डेंटल हायजिनिस्ट’ तेथे असतात, त्यांना बहुधा हीच असोसिएट पदवी लागते. मे २०२३मध्ये त्यांचा मध्यक वार्षिक पगार ८७,५३० डॉलर होता. चार वर्षांच्या पदवीधराचे वरचे १,४९३ डॉलर बावन्न आठवड्यांनी गुणले तर सुमारे ७७,६०० होतात. म्हणजे येथे अर्धी वाट चाललेला पुऱ्या वाटेवाल्याच्या पुढे गेला! आता बालवाडीच्या शिक्षिकेकडे पाहावे. तिच्या कामासाठीही त्याच कार्यालयाच्या मते सामान्यतः असोसिएट पदवीच लागते, आणि त्याच महिन्यात तिचा मध्यक वार्षिक पगार ३७,१३० डॉलर होता. केवळ शाळा शिकलेल्या पूर्णवेळ नोकरदाराच्या पगाराहूनही कमी. पदवी मात्र तीच. (लहान मुलांना शिकविणाऱ्यांच्या पदरी सर्वत्र हेच येते, हे आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको.)

हा फरक बुद्धीचा किंवा कष्टांचा म्हणता येणार नाही. दात साफ करण्याचे काम परवान्यावाचून करता येत नाही. परवाना राज्य देते, तो मिळण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम व परीक्षा लागते, आणि दवाखान्याला तो माणूस घेतल्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय त्याचे वेतन रुग्णांकडून व विमा कंपन्यांकडून वसूल होते. बालवाडीचे वेतन येते ते बहुतांशी तरुण आईबापांच्या खिशातून, आणि तो खिसा फारसा खोल नसतो. पदवीमागे कोणता परवाना उभा आहे आणि त्या कामाचा पैसा कोण देतो, यावर तिचा भाव ठरतो.

परवान्याची ही भिंतही कायम एकाच जागी राहत नाही. परिचारिकांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिल्ड्रेड माँटॅग यांनी आखला आणि १९५२ साली त्याचा प्रयोग सुरू झाला. आजही या अभ्यासक्रमाच्या व चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परिचारिका परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. परंतु मोठी रुग्णालये चार वर्षांच्या पदवीला अधिक पसंती देऊ लागली, आणि न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७मध्ये कायदाच केला की, नव्या परिचारिकेने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत चार वर्षांची पदवी मिळविली पाहिजे. ज्या मुलीने दोन वर्षांत शिक्षण संपले असे मानले, तिला नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तके उघडावी लागतात.

राहिला दुसरा मार्ग, म्हणजे दोन वर्षे येथे आणि दोन वर्षे विद्यापीठात. २०२३-२४ साली सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजची सरासरी वार्षिक फी ३,९९० डॉलर होती, तर राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठाची ११,२६०. तेव्हा बेत हिशेबाला अगदी चोख दिसतो. प्रत्यक्षात या कॉलेजांत येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी पुढे चार वर्षांची पदवी घ्यावयाची असे म्हणतात. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विद्यापीठात पोचतात, आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती सर्व प्रवेशितांपैकी सुमारे १६ टक्क्यांच्या. कोणी नोकरीमुळे मागे राहतो, कोणी घरच्या अडचणीमुळे. पण वाटेत एक खड्डा असाही आहे की ज्यात अभ्यासू विद्यार्थीही पडतो. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखातपासणी कार्यालयाने २०१७ साली दाखवून दिले की, २००४ ते २००९ या काळात एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी धरलेच गेले नाहीत. उत्तीर्ण झालेले विषय पुन्हा शिकावे लागले, आणि स्वस्तात घेतलेले शिक्षण शेवटी महागात पडले.

काही राज्यांनी हा खड्डा बुजविण्याचा प्रयत्न केला आहे. कॅलिफोर्नियाने २०१०च्या कायद्याने एक खास असोसिएट पदवी निर्माण केली; ती घेणाऱ्यास राज्याच्या विद्यापीठसमूहात थेट तिसऱ्या वर्षात जागा मिळण्याची हमी असते. फ्लोरिडातही अशी सोय आहे, मात्र हव्या त्या विषयाला प्रवेश मिळेलच असे नाही. म्हणून पदवीच्या नावातील लहानसा शब्दही वाचावा. ‘असोसिएट ऑफ आर्ट्‌स’ व ‘असोसिएट ऑफ सायन्स’ या पुढच्या शिक्षणासाठी योजलेल्या. ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही धंदेशिक्षणाची, आणि तिचे श्रेयांक विद्यापीठे पुष्कळदा स्वीकारीत नाहीत.

भारतातून जाणाऱ्यास आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. वर सांगितलेली स्वस्त फी त्या त्या जिल्ह्यातील रहिवाशांची. परदेशी विद्यार्थ्यास ती पुष्कळ अधिक पडते. आणि ज्या एच-१बी परवान्याच्या आशेने हा सारा खटाटोप बहुधा चालतो, त्याला चार वर्षांची पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. केवळ असोसिएट पदवीवर ते दार उघडत नाही.

आता हा प्रश्न आपल्या दारीही आला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर मध्येच उतरण्याची सोय केली: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. आपल्याकडे दोन वर्षांच्या पदविकेला भाव नाही असे कोणी म्हणू नये. औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका घेतलेला मुलगा १९४८च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी करून औषधांचे दुकान चालवू शकतो. अध्यापनाच्या दोन वर्षांच्या पदविकेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्राथमिक वर्गांच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. वरची मानली जाणारी पदवी बाजूस राहिली आणि पदविकाधारक आत गेला, कारण नियमाने ते काम त्याच्या नावे लिहिलेले होते. अर्थात नाव लिहिलेले असून जागाच निघाल्या नाहीत तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले. भरती थांबली त्या वर्षांत अनेक अध्यापक विद्यालयांचे वर्ग ओस पडले.

बी.ए. किंवा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतर उतरणाऱ्याच्या पदविकेपुढे मात्र असे कोणतेच काम लिहिलेले नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातींत बहुधा ‘१२वी उत्तीर्ण’ असते किंवा ‘पदवीधर’. या दोहोंमध्ये जो उभा आहे त्याला अद्याप बारावीच्याच रांगेत उभे राहावे लागते. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे उतरणेच भाग आहे, त्यांनी निदान आपले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा झाले आहेत की नाहीत, हे कॉलेज सोडण्यापूर्वी कार्यालयात जाऊन पाहून घ्यावे. ते जास्तीत जास्त सात वर्षे धरले जातात, आणि तेवढ्या अवधीत परतणाऱ्यास तिसऱ्या वर्षापासून पुढे शिकता येते.