जुन्या मोटारींची निगा : इंजिन उजवीकडे झुकते तेव्हा

एक्झॉस्टचा पाइप आणि स्टेअरिंगचा दांडा यांच्यातील मोकळी जागा गाडी उभी, इंजिन थंड आणि चाके सरळ असताना मोजली, तर ते माप जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण या तिन्ही गोष्टी बदलल्या की ती जागाही बदलते. सालेकसा तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न नेमका याच मुद्द्यावर बोट ठेवतो. मागाहून डिझेल इंजिन बसवलेली त्यांची ॲम्बॅसडर सपाट रस्त्यावर बिनतक्रार चालते, पण दरेकसाकडच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये ‘टक-टक’ वाजते, आणि पाइप ठोकून चेपल्यावरही तो आवाज गेलेला नाही.

ॲम्बॅसडरच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटर पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांमधील जळका वायू एकत्र आणणारा बिडाचा भाग, डाव्या बाजूस आहे, तर आपल्याकडे स्टेअरिंग उजव्या बाजूस. त्यामुळे मूळ रचनेत दोघांची गाठच पडत नाही. ज्याचा मॅनिफोल्ड उजवीकडे आहे असे परके इंजिन बसवले की तापलेले लोखंड थेट स्टेअरिंगच्या शेजारी येते, आणि मग इंजिनाची हालचाल महत्त्वाची ठरते.

अशा उभ्या बसवलेल्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट समोरून पाहता सहसा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचा ठोकळा उलट दिशेने पिळला जातो, म्हणजेच गाडी पुढे ओढताना त्याची उजवी बाजू खाली दबते, डावी उचलली जाते आणि वरचा भाग उजवीकडे, स्टेअरिंगच्या अंगाला झुकतो. रिव्हर्समध्ये हे सारे उलटे होते. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ सर्वाधिक असतो, म्हणूनच आवाज चढावर येतो. ही हालचाल आवरण्याचे काम इंजिन फाउंडेशनचे, म्हणजे इंजिनाखालील रबरी ठोकळ्यांचे असते. तेलाने फुगलेले किंवा धातूपासून सुटलेले रबर ते करू शकत नाही. पाइपवर हातोडा चालवण्याआधी हे रबर तपासले जात नाही, ही जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतील सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

यात उष्णतेची भर पडते: पोलादाचा एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला, तर सुमारे ५ मिलिमीटर लांबतो.

खरे माप घेण्याची रीत सोपी आहे. थंड पाइपवर स्टेअरिंगच्या दांड्यासमोर कणकेचा गोळा चिकटवावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून हातब्रेक ओढावा, गाडीच्या पुढेमागे कोणी उभे नाही याची खात्री करावी आणि जाणत्या चालकाने पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये क्लच क्षणभरच अर्धवट सोडून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. दबलेल्या कणकेची उरलेली जाडी हीच थंड इंजिनाची किमान जागा होय. तापल्यावर ती आणखी घटणार असल्याने निदान बोटभर अंतर उरायला हवे.

अंतर कमी भरल्यास आधी फाउंडेशन बदलावे, नंतर इंजिनाचे ब्रॅकेट योग्य उंचीवर आहेत का ते पाहावे, आणि त्यानंतरच पाइपचा तेवढा तुकडा नव्या वळणाने घडवून घ्यावा. चेपलेल्या पाइपात वायूची वाट अरुंद होते आणि इंजिनाची ओढ घटते. ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण तिचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. त्याऐवजी मध्ये हवा खेळेल असा पत्र्याचा आडोसा बसवावा. स्टेअरिंगचा दांडा मात्र तापवून वाकवणे किंवा कापून जोडणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज नोंदणीस पात्र ठरते, तेव्हा परक्या इंजिनासाठी काढून ठेवलेले मूळ इंजिन कोणी भंगारात देऊ नये.